औषधसंशोधक डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगराळ मुलखातील शाळा असो, नाही तर पाथर्डी-जामखेडकडील अवर्षणग्रस्त माळावरची शाळा असो. तेथील मोठ्या वर्गांतील मुलामुलींना आठवड्यातून एकदा एक लहानशी निळी गोळी दिली जाते. या गोळीत दोन द्रव्ये असतात. एक लोह आणि दुसरे फॉलिक आम्ल. अंगातील रक्त निकोप राहावे, पांडुरोगाने मुले निस्तेज होऊ नयेत, हा ती देण्यामागील हेतू. गोळी गिळून मुले पुन्हा खेळावयास पळतात. यांतील फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत प्रथम तयार करणाऱ्या संशोधकांचा नायक एक भारतीय होता, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या थोर रसायनशास्त्रज्ञाचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आंध्र प्रदेशातील भीमवरम् या गावी झाला. वडिलांचे नाव जगन्नाथम् व आईचे वेंकम्मा. भावंडे बरीच आणि मिळकत थोडी, त्यामुळे घरची स्थिती बेताचीच होती. लहानपणी सुब्बाराव यांचे चित्त अभ्यासात रमत नसे. आपण पुष्कळ पैसा मिळवावा आणि घरचे दारिद्र्य दूर करावे, असे विचार त्यांच्या मनात घोळत. तेराव्या वर्षी एके दिवशी कोणास न सांगता त्यांनी काशीची वाट धरली. तेथे येणाऱ्या यात्रेकरूंना केळी विकून धन मिळवावे, असा त्यांचा बेत होता! परंतु घरच्या माणसांनी त्यांना गाठून परत आणले. आई करारी होती. मुलाने शिकलेच पाहिजे, असा तिचा निश्चय होता. तिने त्यांना पुन्हा शाळेत धाडले.

शाळेतही यश सहजासहजी पदरात पडले नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेस मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून उत्तीर्ण झाले. ज्या विद्यार्थ्याच्या नावाने पुढे रसायनशास्त्रातील एक पद्धत जगभर ओळखली जावयाची होती, तो मॅट्रिकच्या उंबरठ्यावर दोनदा अडखळला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मद्रासमध्ये महाविद्यालयात शिकत असताना रामकृष्ण मिशनच्या कार्याने ते भारावून गेले. संसाराचा त्याग करून संन्यास घ्यावा, अशी ओढ त्यांना लागली. आईने मात्र या गोष्टीस संमती दिली नाही. मिशनमधील साधूंनी त्यांना वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला, कारण मिशनच्या सेवाकार्यात वैद्यांची मोठी गरज होती. तो सल्ला मानून त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला. भगवी वस्त्रे त्यांनी धारण केली नाहीत. पुढील सारे आयुष्य मात्र त्यांनी एखाद्या संन्याशासारखेच व्यतीत केले.

तो काळ राष्ट्रीय चळवळीचा होता. महात्मा गांधींच्या स्वदेशीच्या आवाहनास साद देऊन सुब्बाराव यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा अंगरखाही खादीचाच वापरण्यास आरंभ केला. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. अंतिम परीक्षेत सुब्बाराव यांचे इतर विषयांतील यश चांगले असूनही त्यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही. एल.एम.एस. या कनिष्ठ दर्जाच्या पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले. या पदवीमुळे सरकारी वैद्यकीय नोकरीचे द्वारही त्यांना बंद झाले.

परंतु यापेक्षाही मोठा घाव त्यांच्या अंतःकरणावर घरातच बसला. त्यांचे दोन भाऊ ऐन तारुण्यात, एकामागून एक, संग्रहणीच्या विकाराने दगावले. उष्ण प्रदेशांत आढळणाऱ्या या रोगात आतड्याची अन्न शोषून घेण्याची शक्ती नाहीशी होते. रोगी जेवतो, पण अन्न अंगी लागत नाही. जुलाबांनी शरीर झिजत जाते, रक्त कमी होते आणि शेवटी माणूस केवळ सांगाडा होऊन राहतो. सुब्बाराव वैद्यक शिकलेले, पण या रोगावर वैद्यकाच्या पोथीत औषधच नव्हते. पुढे त्यांना स्वतःलाही याच रोगाने ग्रासले. आयुर्वेदाचे प्रसिद्ध जाणकार डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी ते बरे झाले. आपण वाचलो, भाऊ मात्र वाचले नाहीत, हे शल्य त्यांच्या मनात कायमचे रुतून बसले. रोग्यास तपासणारे वैद्य पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्या हाती देण्यास औषधच नसेल तर ते काय करतील? मग औषध शोधणे हेच आपले काम, असे त्यांनी मनाशी ठरवले.

काही काळ त्यांनी डॉ. लक्ष्मीपतींच्या मद्रास येथील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनेचे अध्यापन केले. आयुर्वेदातील औषधींचा आधुनिक रीतीने अभ्यास करावा, असे त्यांना वाटे. त्यासाठी लागणारी साधने आणि ज्ञान परदेशात होते. श्वशुरांचे साहाय्य आणि काकिनाडा येथील एका धर्मादाय संस्थेची मदत घेऊन ते अमेरिकेस निघाले. त्यांची पत्नी शेषगिरी त्या वेळी गर्भवती होती. त्या दोघांची पुन्हा कधीच भेट व्हावयाची नव्हती, हे त्या क्षणी कोणास ठाऊक होते?

26 ऑक्टोबर 1923 रोजी सुब्बाराव बोस्टन शहरी पोहोचले. तेथील हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधातील रोगांचे शिक्षण देणारी शाखा होती. तिच्यात त्यांना प्रवेश मिळाला, परंतु जवळचे द्रव्य प्रवासातच संपत आले होते. भारतातील त्यांची पदवी तेथे वैद्यकी करण्यास पुरेशी नव्हती. अशा स्थितीत या सुशिक्षित डॉक्टरने एका रुग्णालयात रात्रपाळीच्या सेवकाचे काम पत्करले. रोग्यांची मलमूत्राची भांडी उचलावयाची आणि ती स्वच्छ करावयाची, असे ते काम होते. रात्री हे काम करावे आणि दिवसा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. याच दिवसांत मायदेशी त्यांना पुत्र झाला, आणि वर्षाचा होण्यापूर्वीच तो बालक आजाराने मरण पावला. पित्याने पुत्राचे मुखही पाहिले नव्हते.

शिक्षण पुरे करून सुब्बाराव हार्वर्डमध्येच जीवरसायनशास्त्राच्या विभागात प्राध्यापक सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम करू लागले. रक्तात व लघवीत फॉस्फरस हे मूलद्रव्य किती आहे, हे मोजणे त्या काळी कटकटीचे होते. फिस्के व सुब्बाराव यांनी त्यासाठी एक सोपी रीत शोधून काढली. तपासावयाच्या द्रवात ठरावीक रसायने मिसळली, की त्यास निळा रंग येतो. फॉस्फरस जितका अधिक, तितका रंग गडद. रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण अचूक सांगता येते. ही पद्धत 1925 साली प्रसिद्ध झाली आणि फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने जगातील प्रयोगशाळांत रूढ झाली.

या पद्धतीमुळेच पुढे एक मोठे कोडे उलगडले. आपण धावतो, ओझे उचलतो, तेव्हा स्नायूंना शक्ती कोठून मिळते? 1927 साली फिस्के व सुब्बाराव यांनी स्नायूंमधून फॉस्फोक्रिएटिन नावाचे द्रव्य ओळखून काढले. 1929 साली त्यांनी ए.टी.पी. या द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जर्मनीतील कार्ल लोमान या शास्त्रज्ञानेही ते स्वतंत्रपणे शोधले होते. ए.टी.पी. हे शरीरातील शक्तीचे जणू चलनी नाणे होय. आपण खाल्लेल्या अन्नातील शक्ती या नाण्याच्या रूपाने पेशींत खेळते आणि हवी तेथे खर्ची पडते. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूस ठेवलेली शिल्लक. मुंगीपासून हत्तीपर्यंत सर्व प्राण्यांत आणि वनस्पतींतही हेच नाणे चालते. 1930 साली सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएच.डी. ही पदवी मिळाली.

इतके कार्य करूनही हार्वर्डमध्ये त्यांना प्राध्यापकाची कायम जागा लाभली नाही. ते अबोल व संकोची होते. आपल्या कामाचे श्रेय पुढे होऊन मागणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. अखेर 1940 साली त्यांनी हार्वर्ड सोडले आणि न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर या गावच्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते रुजू झाले. लवकरच तेथील संशोधनाची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. भावांच्या मृत्यूच्या वेळी मनाशी योजलेले काम करण्याची संधी त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी मिळाली. पुढे त्यांना अवघी आठ वर्षे लाभली. पण त्या आठ वर्षांत त्यांनी अनेक जन्मांचे काम उरकले.

फॉलिक आम्लाची कथा आपल्या मुंबईपासून सुरू होते. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या. तेथील गरीब, कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणी पांडुरोग जडे आणि त्यात अनेकींचा अंत होई. या स्त्रियांच्या आहारात काही तरी उणे आहे, असे विल्स यांनी ताडले. पुष्कळ प्रयोगांनंतर त्यांना आढळले, की यीस्ट या सूक्ष्म बुरशीपासून काढलेला अर्क दिला असता या स्त्रिया बऱ्या होतात. परंतु अर्कातील नेमके कोणते द्रव्य रोग बरा करते, ते समजले नव्हते. पुढे 1941 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून असेच एक द्रव्य अल्प प्रमाणात वेगळे केले. पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव पडले.

चार टन पाला आणि हाती येणार चिमूटभर द्रव्य! अशाने जगातील रोग्यांना औषध कसे पुरणार? ते प्रयोगशाळेतच तयार करता आले पाहिजे होते. त्यासाठी त्याच्या रेणूची घडण जाणणे आवश्यक होते. सुब्बाराव यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या कामी कंबर कसली. प्राण्यांच्या यकृतातून आणि सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने त्यांनी ते द्रव्य शुद्ध रूपात मिळवले, त्याचे भाग सुटे करून पाहिले आणि पुन्हा जोडले. 1945 साली कृत्रिम रीतीने फॉलिक आम्ल तयार झाल्याचे जाहीर झाले. त्या शोधनिबंधावर 16 संशोधकांची नावे होती. संशोधनाचे प्रमुख सुब्बाराव होते, पण नावांच्या यादीत ते अग्रस्थानी नव्हते. इतरांच्या नावांमध्ये त्यांचेही एक नाव होते, इतकेच.

लवकरच हे औषध वेगवेगळ्या रोग्यांना देऊन पाहण्यात आले. त्यांत संग्रहणीचे रोगीही होते. खाटेला खिळलेल्या या रोग्यांची भूक परत आली, रक्त वाढू लागले आणि त्यांच्या गालांवर तेज दिसू लागले. सुब्बाराव यांचे दोन भाऊ ज्या रोगाने गेले होते, त्याच रोगाचा हा पराभव होता. भाऊ परत येणार नव्हते. परंतु दुसऱ्या कोणाचे भाऊ आता वाचणार होते.

फॉलिक आम्लातूनच आणखी एक शोध उदयास आला. पेशींची वाढ होण्यास फॉलिक आम्ल लागते. रक्ताच्या कर्करोगात काही पेशी बेसुमार वाढतात. मग त्यांचा हा पुरवठाच तोडला तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने दिसावयास फॉलिक आम्लासारखी, पण गुणाने त्याविरुद्ध अशी द्रव्ये तयार केली. कुलपात त्याच्या किल्लीसारखी दिसणारी खोटी किल्ली अडकली, की खरी किल्ली आत जात नाही आणि कुलूप उघडत नाही. तसेच हे होते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे असे एक औषध रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या 16 मुलांना दिले. त्यांपैकी 10 मुलांना उतार पडल्याचे त्यांनी 1948 साली प्रसिद्ध केले. हा उतार काही काळच टिकला. परंतु या रोगास औषधाने मागे हटवता येते, हे प्रथमच दिसून आले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोगावर व सांध्यांच्या दुखण्यावर वापरले जाते.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढणाऱ्या सैनिकांना हत्तीरोगाची बाधा होऊ लागली. डासांच्या दंशाने शरीरात शिरणाऱ्या जंतांमुळे हा रोग होतो आणि पाय हत्तीच्या पायासारखे सुजतात. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली 1947 साली या जंतांवर हेट्राझान हे औषध निघाले. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी घरोघर ज्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्यांत हेच औषध होते.

मातीतील सूक्ष्मजीवांपासून रोगजंतूंचा नाश करणारी द्रव्ये मिळवण्याचे कामही सुब्बाराव यांनी हाती घेतले. त्यासाठी त्यांनी बेंजामिन डग्गर या सत्तरी ओलांडलेल्या, सेवानिवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञास आपल्याकडे आणले. इतरांनी ज्यास वृद्ध म्हणून बाजूस सारले, त्याचे ज्ञान सुब्बाराव यांनी ओळखले. ठिकठिकाणची माती मागवून तपासताना डग्गर यांना 1945 साली एक सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून ऑरिओमायसिन हे औषध तयार झाले. टेट्रासायक्लीन या औषधवर्गातील हे पहिले औषध होय. पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या कित्येक रोगजंतूंवर ते लागू पडे आणि ते तोंडानेही घेता येई. 1994 साली अहिल्यानगरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात आणि सुरत शहरात प्लेगची भीती पसरली, तेव्हा लोकांच्या रक्षणासाठी टेट्रासायक्लीन औषधेच वाटण्यात आली.

जुलै 1948 मध्ये ऑरिओमायसिनची घोषणा झाली. शोधाचा मान डग्गर यांना मिळाला आणि सुब्बाराव यांना त्यातच समाधान वाटले. त्यानंतर तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच 9 ऑगस्ट 1948 रोजी सकाळी ते आपल्या बिछान्यात मृतावस्थेत आढळले. रात्री झोपेतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला होता. त्यांचे वय अवघे 53 वर्षांचे होते. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेली मायभूमी त्यांना पुन्हा पाहावयास मिळाली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या बुरशीस सुब्बारोमायसिस असे नाव देऊन त्यांची स्मृती जपली. भारत सरकारने 1995 साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. नोबेल पारितोषिकासारखा मोठा सन्मान मात्र त्यांच्या वाट्यास आला नाही.

परंतु त्यांचे खरे स्मारक निराळेच आहे. आज उष्ण प्रदेशातील संग्रहणीवर डॉक्टर मुख्यतः दोन औषधे देतात. एक फॉलिक आम्ल आणि दुसरे टेट्रासायक्लीन. दोन्हींचा उगम सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतच झाला. भावांच्या मरणाने ज्याचे अंतःकरण विदीर्ण झाले, त्याने शोक करीत न बसता त्या रोगाचेच मूळ खणून काढले, आणि हे कोणी केले, याचा डांगोराही पिटला नाही. शाळेत ती निळी गोळी हाती येईल, तेव्हा भीमवरम् गावच्या, मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा अपयश आलेल्या त्या मुलाचे क्षणभर स्मरण करावे.